ढगात विमान हादरतं तेव्हा पायलट कोणाशी आणि काय बोलतो?

२१ मे २०२५ ची संध्याकाळ. दिल्लीहून श्रीनगरला निघालेलं इंडिगोचं ६ई २१४२ हे विमान पठाणकोटजवळ ३६ हजार फूट उंचीवर गारपिटीत सापडलं. आत दोनशे वीसहून जास्त माणसं होती. विमान गदागदा हलतंय, लोक ओरडताहेत, कुणी देवाचा धावा करतंय, असे व्हिडिओ त्या रात्री मोबाईलवर फिरले. दुसऱ्या दिवशी विमानाचा फोटो आला, त्यात विमानाचं नाक फुटलेलं होतं. विमान मात्र श्रीनगरला सुखरूप उतरलं आणि एकाही प्रवाशाला इजा झाली नाही.

दोन दिवसांनी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, प्राथमिक माहिती दिली. तेव्हा कळलं की ढगात शिरण्याआधी पायलटनं दोन ठिकाणी वाट मागितली होती आणि दोन्हीकडून नकार आला होता. तेव्हापासून लोकांचा एकच प्रश्न होता. समोर एवढं संकट दिसत असताना पायलटला परवानगी कशाला लागते? आकाश तर मोकळंच आहे, वळवायचं विमान!

गोष्ट तेवढी सोपी नाही. ती समजून घ्यायची तर पायलट आणि खालचा कंट्रोलर यांच्यात काय बोलणं चालतं ते आधी बघावं लागेल.

आकाशातही रस्ते असतात

विमान उडालं की ते कुठंही, कसंही जात नाही. त्याला ठरलेला मार्ग असतो, ठरलेली उंची असते. जमिनीवर बसून हे सगळं सांभाळणाऱ्या यंत्रणेला एअर ट्रॅफिक कंट्रोल किंवा थोडक्यात एटीसी म्हणतात. भारताच्या आकाशाचे दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई असे चार मोठे भाग पाडलेले आहेत. विमान एका भागातून दुसऱ्या भागात गेलं की पायलट रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलतो आणि नव्या कंट्रोलरशी बोलायला लागतो.

बहुतेक ठिकाणी हे काम भारतीय विमानतळ प्राधिकरण करतं. पण काही विमानतळ हवाई दलाचे आहेत, तिथलं एटीसी हवाई दलच चालवतं. श्रीनगर त्यातलंच आणि आपलं पुण्याचं लोहगावही त्यातलंच. पुण्याहून विमानानं जाणारा प्रवासी तिकीट खासगी कंपनीचं काढतो, पण त्याच्या विमानाला उडायची परवानगी हवाई दलाचा कंट्रोलर देतो.

मोठी विमानं २९ हजार ते ४१ हजार फुटांच्या पट्ट्यात उडतात. तिथं एका विमानाच्या डोक्यावरून दुसरं विमान जात असेल तर दोघांत किमान एक हजार फुटांचं, म्हणजे साधारण ३०० मीटरचं अंतर ठेवतात. शिवारात बांधापासून बांध जेवढा दूर, जवळपास तेवढंच हे अंतर. त्यात दोन्ही विमानं मिनिटाला चौदा-चौदा किलोमीटरनं पळत असतात. म्हणून मनाला येईल तसं वळणं किंवा खाली-वर होणं धोक्याचं असतं. समोरचा ढग चुकवायला गेलं आणि शेजारून येणाऱ्या विमानावर गेलं, असं होऊन चालत नाही.

अर्धं चित्र वर, अर्धं खाली

बऱ्याच जणांना वाटतं की कंट्रोलरला खाली बसून सगळं दिसत असेल. तसं नसतं. त्याच्या पडद्यावर मुख्यतः विमानं दिसतात. कुठलं विमान, किती उंचीवर, किती वेगानं, कुठं चाललंय. विमानाला बसणारे धक्के त्या पडद्यावर दिसत नाहीत.

पायलटचं उलटं. त्याच्या विमानाच्या नाकात हवामानाचं रडार असतं. समोरच्या ढगात पाणी किती आहे ते त्याला रंगात दिसतं. हिरवा म्हणजे हलकं, पिवळा म्हणजे जरा जास्त, लाल म्हणजे जोरदार. पण आजूबाजूच्या सगळ्या विमानांची ये-जा त्याला कंट्रोलरइतकी दिसत नाही.

म्हणजे ढग पायलटला दिसतो आणि गर्दी कंट्रोलरला दिसते. दोघांकडं अर्धं-अर्धं चित्र असतं. ते जोडायचं साधन म्हणजे रेडिओवरचं बोलणं.

या रडारलाही मर्यादा आहेत. पाण्याचे थेंब त्याला चांगले दिसतात, पण कोरड्या गारा तेवढ्या ठळक दिसत नाहीत. आणि ढगच नसेल, नुसतीच हवा घुसळत असेल, तर त्याला काहीच दिसत नाही. त्या रडारवर जे टोपण असतं ते धातूचं करता येत नाही, कारण धातूतून रडारच्या लहरी जात नाहीत. ते फायबरसारख्या वस्तूचं असतं. म्हणूनच गारांच्या माऱ्यात विमानाचं नाक आधी फुटतं. श्रीनगरच्या विमानाचंही तेच झालं.

बोलणं थोडं, पण मापून

हे बोलणं जगभर इंग्रजीत आणि ठरलेल्या शब्दांत चालतं. समजा समोर वादळी ढग आहे. पायलट विमानाचं नाव सांगतो आणि म्हणतो, ‘रिक्वेस्ट ट्वेंटी माइल्स लेफ्ट ऑफ ट्रॅक ड्यू वेदर.’ म्हणजे हवामानामुळं मार्गाच्या डावीकडं वीस मैल सरकायचंय. वादळी ढगापासून निदान वीस सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर लांब राहावं असं पायलटना शिकवलेलं असतं.

कंट्रोलर पडद्यावर बघतो. डावीकडं दुसरं विमान नाही, लष्कराचा बंद केलेला पट्टा नाही, तर तो परवानगी देतो आणि परत मार्गावर आलात की कळवा म्हणून सांगतो. पायलट ती सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवतो. आपण फोनवर कुणाला मोबाईल नंबर सांगितला की तो आकडे परत म्हणून दाखवतो ना, तसं. आकडा चुकला तर तिथंच सापडतो.

एका फ्रिक्वेन्सीवर कितीतरी विमानं असतात. एका वेळी एकानंच बोलायचं. दोघं एकदम बोलले तर नुसती शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो आणि कुणाचंच कळत नाही. वादळाच्या दिवशी तर प्रत्येक विमान वाट मागत असतं. अशा वेळी लवकर उत्तर हवं असेल तर ‘वेदर डेव्हिएशन रिक्वायर्ड’ असा ठरलेला शब्दप्रयोग आहे. तो ऐकला की कंट्रोलर त्या विमानाला आधी बघतो.

धक्के किती जोराचे आहेत तेही मापून सांगावं लागतं. ‘लाइट’ म्हणजे हलके. ‘मॉडरेट’ म्हणजे पट्टा अंगाला ओढल्यासारखा लागतो, चालणं अवघड होतं. ‘सिव्हिअर’ म्हणजे विमान एकदम वर-खाली होतं आणि काही क्षण ताब्यात राहत नाही. त्याच्यावर ‘एक्स्ट्रीम’. पायलट ‘सिव्हिअर’ म्हणाला की ही माहिती कंट्रोलर मागून येणाऱ्या विमानांना सांगतो, हवामान खात्यालाही जाते. पुढच्या विमानानं खाल्लेला धक्का मागच्याला वाचवतो, तो असा. हवामान खातंही गारपीट, वादळ, जोराचे धक्के यांचा ‘सिगमेट’ नावाचा इशारा काढतं आणि तो पायलटपर्यंत पोहोचवला जातो.

धक्क्यांमुळं विमानाला उंची टिकवता येत नसेल तर पायलट तसं कळवतो. मग कंट्रोलर त्याच्यात आणि शेजारच्या विमानात एक हजाराऐवजी दोन हजार फूट अंतर करतो. प्रवाशाला यातलं काही कळत नाही. त्याला फक्त पट्टा बांधायची खूण पेटलेली दिसते.

पठाणकोटजवळ काय झालं?

आता त्या संध्याकाळकडं परत येऊ. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला. २४ एप्रिलला पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. पुढं भारतानंही त्यांच्या विमानांना बंदी घातली. मे महिन्यात दोन्ही देशांत लढाईच झाली आणि १० मे ला ती थांबली. त्याला अकरा दिवस होत होते.

श्रीनगरचा मार्ग पठाणकोटकडून जातो आणि तिथं सीमा जवळ आहे. डीजीसीएच्या माहितीनुसार, समोर खराब हवामान दिसल्यावर पायलटनं हवाई दलाच्या नॉर्दर्न कंट्रोलकडं डावीकडं, म्हणजे सीमेच्या बाजूला सरकायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. मग त्यांनी थेट लाहोरच्या एटीसीशी संपर्क केला आणि ढग चुकवण्यासाठी थोडा वेळ त्यांच्या हद्दीत येऊ द्या म्हणून विचारलं. तिथूनही नकार आला.

इथं माहितीची कमतरता नव्हती. ढग कुठं आहे ते पायलटला माहीत होतं, विमान कुठं आहे ते कंट्रोलरला माहीत होतं. दोन्ही अर्धी चित्रं जुळली होती. पण ज्या बाजूनं वाट होती ती बाजूच बंद होती. कुठल्या देशाचं आकाश कुणाला उघडायचं हे त्या देशाच्या सरकारच्या हातात असतं. रेडिओवर बसलेला कंट्रोलर स्वतःच्या मनानं ते उघडू शकत नाही.

मग त्यांनी आधी दिल्लीकडं मागं फिरायचा प्रयत्न केला. पण तोवर ढग अगदी जवळ आला होता. ३७ किलोमीटर हे अंतर आपल्याला लांब वाटतं, विमान ते तीन मिनिटांच्या आत कापतं. तेवढ्यात एकाला विचारा, नकार ऐका, दुसऱ्याची फ्रिक्वेन्सी लावा, परत विचारा, परत नकार ऐका. वादळाच्या तोंडाशी वळताना विमान जास्त वेळ ढगात राहण्याचा धोकाही असतो. शेवटी पायलटनी त्याच दिशेनं, सगळ्यात जवळच्या वाटेनं ढगातून श्रीनगरकडं निघून जायचं ठरवलं.

गारपीट काय असते ते आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात गहू, हरभरा, द्राक्षं, संत्री कशी झोपली ते अजून लोक विसरलेले नाहीत. गार मोठी होते कारण ढगात हवेचा लोट खालून वर जोरात जात असतो आणि तो बर्फाच्या खड्याला खाली पडूच देत नाही. खडा वरच राहून वाढत जातो. जी हवा गारेला वर धरून ठेवते तीच विमानाला उचलते, आणि शेजारीच खाली येणारा लोट त्याला दाबतो.

त्या विमानाचंही तेच झालं. ऑटोपायलट सुटला. वेग मिनिटामिनिटाला वर-खाली होऊ लागला. वेग फार वाढल्याचा इशारा वाजत होता आणि वेग फार कमी झाल्याचाही इशारा पुन्हा पुन्हा वाजत होता. एका क्षणी विमान मिनिटाला ८,५०० फूट या गतीनं खाली जात होतं. एरवी विमान उतरताना ही गती दीड-दोन हजारांच्या आसपास असते. गारपिटीतून बाहेर पडेपर्यंत पायलटनी विमान हातानं चालवलं.

बाहेर आल्यावर त्यांनी तपासणीची सगळी यादी पूर्ण केली आणि श्रीनगरच्या एटीसीला ‘पॅन पॅन’ कळवलं. रडारवर बघून दिशा सांगत राहा अशी विनंती केली. खालून दिशा मिळत गेल्या आणि विमान उतरलं.

सगळ्यात वाईट वेळी पायलट गप्प का असतो?

ढगात शिरल्यावर पायलटनं लगेच का कळवलं नाही, असं एखाद्याला वाटेल. याचं उत्तर पायलटच्या पहिल्या धड्यात आहे. आधी विमान उडतं ठेव, मग दिशा बघ, मग बोल. हाच क्रम. दोन्ही हात आणि पूर्ण लक्ष विमान सावरण्यात असताना रेडिओवर बोलून कंट्रोलर ढग बाजूला करू शकत नाही. म्हणून तेवढी मिनिटं रेडिओ शांत असतो. चांगला कंट्रोलरही अशा वेळी सारखे प्रश्न विचारत नाही. तो आजूबाजूची विमानं लांब करतो आणि वाट बघतो.

‘मेडे’ आणि ‘पॅन पॅन’ यात फरक काय?

संकट कळवायचे दोनच शब्द आहेत. जीव धोक्यात आहे, ताबडतोब मदत हवी, तेव्हा ‘मेडे’ तीन वेळा म्हणायचं. प्रसंग गंभीर आहे, तातडीचा आहे, पण या क्षणी जीवावर बेतलेलं नाही, तेव्हा ‘पॅन पॅन’ तीन वेळा म्हणायचं. दोन्ही शब्द फ्रेंच भाषेवरून आले. ‘मेडे’ म्हणजे मला मदत करा, आणि ‘पॅन’ म्हणजे बिघाड. सुमारे शंभर वर्षांपूर्वी लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून फ्रान्सकडं बरीच विमानं जायची. दोन्हीकडच्या लोकांना कळेल असा शब्द हवा म्हणून ‘मेडे’ आला.

शब्द ठरलेलेच का हवेत, याचं एक फार दुःखद उदाहरण आहे. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियाहून आलेलं एव्हियांका कंपनीचं ५२ नंबरचं विमान न्यूयॉर्कवर खराब हवामानामुळं तासाभराहून जास्त वेळ घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आलं होतं. पायलटनी इंधन संपतंय असं सांगितलं, प्राधान्य द्या असंही सांगितलं, पण ‘मेडे’ किंवा ‘इमर्जन्सी’ हा शब्द वापरला नाही. कंट्रोलरला प्रसंग किती गंभीर आहे ते उमगलं नाही. विमान पडलं आणि १५८ पैकी ७३ जण गेले. इथं आकाश बंद नव्हतं, धावपट्टी होती, ऐकणारा माणूसही होता. फक्त नेमका शब्द बोलला गेला नाही.

आपल्याकडं आजारी माणसाला दवाखान्यात नेल्यावर ‘जरा बरं वाटत नाही’ म्हटलं तर रांगेत बसवतात आणि ‘छातीत कळ येतेय’ म्हटलं तर धावत येतात. तसंच आहे हे.

मग नियम मोडायचा अधिकार पायलटला नाही का?

आहे. आंतरराष्ट्रीय नियमानुसार विमान आणि माणसांच्या जीवासाठी अगदी गरजच पडली तर मुख्य पायलट नियम बाजूला ठेवू शकतो. अंतिम जबाबदारी त्याचीच असते. पण या अधिकारानं पलीकडच्या देशाचं आकाश आपोआप सुरक्षित होत नाही. नुकत्याच लढाई थांबलेल्या सीमेवर न विचारता पलीकडं जाण्यात काय धोका होता ते वेगळं सांगायला नको. पुढं गार आणि बाजूला सीमा, अशा कोंडीत दोनशेवर माणसांचा निर्णय दोन पायलटना काही मिनिटांत घ्यायचा होता. घरी बसून व्हिडिओ बघताना एवढं तरी लक्षात घ्यावं.

जे कुणालाच दिसत नाही

बरोबर एक वर्ष आधी, २१ मे २०२४ ला, लंडनहून सिंगापूरला जाणारं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान म्यानमारवर असताना असंच हादरलं. तपास यंत्रणेनं सांगितलं की साडेचार सेकंदांत ते १७८ फूट खाली आलं. ज्यांचे पट्टे बांधलेले नव्हते ते वर छताला आपटले. ७३ वर्षांचे एक प्रवासी दगावले, कितीतरी जखमी झाले. पायलटनी विमान बँकॉकला वळवलं आणि उतरण्याआधीच डॉक्टरांची सोय मागितली. तिथं कंट्रोलरनं वाट दिली, धावपट्टी दिली, रुग्णवाहिका उभ्या केल्या. पण तो पहिला धक्का टाळणं बोलण्याच्या हातात नव्हतं.

आपल्या मुंबईहूनही १ मे २०२२ ला पश्चिम बंगालच्या दुर्गापूरला गेलेलं विमान उतरताना वादळात सापडलं होतं. त्यात डझनभराहून जास्त लोक जखमी झाले.

प्रवासात आपल्या हातात काय आहे?

आता खेड्यापाड्यातली माणसंही विमानानं जातात. कुणी हजला, कुणी काशीला, कुणी आखातात कामाला, कुणी पोराकडं बंगळुरूला. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक, बसल्या जागी पट्टा कायम बांधलेला ठेवा, खूण विझली तरी. सैल ठेवा, पण ठेवा. लेकराला मांडीवर घेतलं असेल तर त्याच्यासाठी वेगळा छोटा पट्टा मिळतो, तो मागून घ्या.

दोन, मोबाईल फ्लाइट मोडवर टाका. साधा फोन रेडिओजवळ ठेवला की कॉल येण्याआधी कशी टर्र टर्र ऐकू येते ते आपल्याला माहीत आहे. तशी खरखर पायलटच्या हेडफोनमध्येही येऊ शकते. वादळात एक आकडा चुकीचा ऐकू येणं परवडत नाही.

तीन, धक्के बसताना पायलटची घोषणा झाली नाही म्हणून घाबरू नका. तो तुमच्याशी बोलत नसेल तर विमान सांभाळत असतो किंवा खालच्या माणसाशी बोलत असतो. तुमच्याशी बोलायची पाळी त्यानंतर येते.